दोन बोटांची ओढ

आंबिवलीच्या कारखान्यात प्रेसखाली माझ्या उजव्या हाताची तर्जनी गेली. टाके निघाल्यापासून मी रोज मधल्या दोन बोटांनी रबरी पट्टी ताणत बसायचो. धनुष्याची दोरी आता त्यांनाच ओढायची होती. माझं बांबूचं धनुष्य कल्याणला दादाकडे ठेवलेलं. सहा महिन्यांनी आणायला गेलो, तर याने ते हॉलमध्ये आठवण म्हणून टांगलेलं, जणू मी मेलोच होतो! तेही शोभेसाठी दोरी चढवून. दोरी चढवून ठेवली की बांबूतला जोर जातो, हे त्याला शंभरदा सांगितलेलं. मैदानात पहिलाच बाण अर्ध्या वाटेत पडला. मागे उभा दादा हळूच म्हणाला, “सोड रे आता. त्या हाताने नाही जमायचं.”