बाजारात न आलेली तोंडं

"आणि घरी कोण राहिलंय?"

गावात पाऊल टाकलं की डॉक्टरांचा हा पहिला प्रश्न. पाटील हार घेऊन उभा असो, मास्तरांनी पोरं रांगेत लावलेली असोत, चावडी माणसांनी फुललेली असो. डॉक्टर सगळ्यांवरून एकदा नजर फिरवायचे, चष्मा कपाळावर ढकलायचे आणि विचारायचे, "सगळा गाव आलाय म्हणता? छान. आणि घरी कोण राहिलंय?" कुणी आपल्या माजघरात डोकावल्यासारखा पाटलाचा चेहरा व्हायचा.

मी तेव्हा लोकल बोर्डात देवी टोचायच्या कामावर होतो. जुन्नर आणि आंबेगाव, दोन्ही तालुके पायाखाली. लोक मला 'देवीचा डाक्टर' म्हणायचे आणि पोरं मला पाहून कणगीमागं लपायची. उभ्या आयुष्यात मला घाबरलेली माणसं तेवढीच. डॉक्टर मात्र खरे, मोठी परीक्षा दिलेले, सरकारी. पण ते औषध देत नसत. कुठल्या गावात कोण आजारी पडलं, कोण पडलं नाही आणि का पडलं नाही, हे शोधत फिरणं हाच त्यांचा पेशा. लोकांना ते काही केल्या समजेना. "गोळी न्हाई, सुई न्हाई, मंग हा कसला डाक्टर, राव?" असं त्यांच्या समोरच बोलायचे. डॉक्टर हसून मान डोलवायचे. त्यांनाही बहुधा ते पटत असावं.

आमची गाठ पडली ती माझ्या एका पराक्रमामुळं. तळेघरच्या अंगाला नारूचा त्रास होता. लोक टाक्यात उतरून पाणी भरायचे आणि पुढं पायातून दोऱ्यासारखा किडा बाहेर यायचा. वरून हुकूम आला, नारूचे रोगी किती ते कळवा. मी हुशार. वाडीवाडीला दवंडी पिटवली, 'ज्याला नारू असंल त्यानं चावडीवर यावं.' दिवसभर चावडीवर बसलो, एक माणूस फिरकला नाही. मी कळवून टाकलं : या भागात नारू नाही.

डॉक्टर स्वतः आले. मला समोर बसवून म्हणाले, "देवीवाले, नारू कुठं होतो?"

"पायाला, साहेब."

"मग तो माणूस चावडीवर कशानं येणार?"

मी आजही त्याचं उत्तर शोधतो आहे. त्यांनी मला घरोघर फिरवलं. जवळजवळ प्रत्येक घरात कुणीतरी पाय लांब करून पडलेलं, किड्याचं टोक काडीला गुंडाळलेलं. परत येताना डॉक्टर भाताच्या बांधावर मटकन बसले आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. नंतर ती गोष्ट त्यांनी प्रत्येक डाकबंगल्यात सांगितली. अशा रीतीनं माझी कीर्ती पुण्यापर्यंत गेली.

पण त्याच फेरीत त्यांनी दुसरं एक पाहिलं. पाय धडधाकट असलेल्या काही बाया घरातच बसून होत्या. तोंडावर पदर, पाण्याचा तांब्या वेगळा. बाजार नाही, लग्न नाही, हळदीकुंकू नाही. विचारलं तर सासवा म्हणायच्या, "तोंड आलंय तिला. जाईल." डॉक्टरांनी दिवा धरून बघितलं. गालाच्या आत पांढरा चट्टा, कुठं हिरडीला न भरणारी जखम. या बायांमध्ये सारखं काय आहे, हे शोधायला वेळ लागला नाही. सगळ्या मशेरीवाल्या. तव्यावर तंबाखू काळी करायची, चुरायची आणि दातांवर घासत बसायचं. सकाळी घासायची, जेवल्यावर घासायची, दुःखात घासायची, गप्पा रंगल्या की घासायची.

पण मशेरी तर सगळ्याच लावतात. मग ती नडते कितीजणींना? हे मोजायचं तर शेकडो तोंडं बघायला हवीत, गाडी हवी, पेट्रोल हवं. सरकारनं कळवलं, तोंडासाठी तरतूद नाही. आणि तेवढ्यात ते गृहस्थ उगवले.

पुण्याकडच्या एका कंपनीनं तयार मशेरी पुड्यांत घालून विकायला काढली होती. तिचा हा एजंट. परीटघडीचा कोट, केसांना सुगंधी तेल आणि दात मोगऱ्याच्या कळ्यांसारखे. मी पुढं मुद्दाम लक्ष ठेवून पाहिलं, त्यानं स्वतः मशेरीचं बोटसुद्धा कधी तोंडात घातलं नाही. वेलदोडा चघळायचा. म्हणाला, "डॉक्टर, आम्हालाही सत्यच हवंय. जीप घ्या, पेट्रोल घ्या. फक्त तपासणी बाजारात करा. माणसं आपोआप मिळतील."

"बाजार तुमच्यासाठी करतो," डॉक्टर म्हणाले, "पण घरं मी माझ्यासाठी करणार. दोन्ही मिळून एकच अहवाल."

"अलबत!" एजंट म्हणाला. हा शब्द तेव्हापासून माझ्या कानाला वास मारतो.

अहवालावर हक्क कंपनीचा, असं करारात होतं. डॉक्टरांनी त्यावर सही केली. शहाण्या माणसांचा हा एक रोगच असतो, तुम्हीही पाहिला असेल. त्यांना वाटतं, खरं एकदा सापडलं की ते आपलं आपण चालत लोकांपर्यंत जातं.

जुन्नरच्या बाजारात जीप उभी राहिली. बाया तोंड उघडायला तयार होईनात. एजंटानं लगेच तोड काढली : तोंड उघडेल तिला मशेरीची पुडी फुकट. डॉक्टर भडकले. "अहो, विष घातक आहे का हे बघायचं आणि बघू दिलं म्हणून विषच बक्षीस द्यायचं?" एजंट शांतपणे म्हणाला, "विष आहे हे तुम्हीच अजून सिद्ध करायचंय ना?" पुड्या वाटल्या गेल्या. रांग पार मटणाच्या दुकानापर्यंत गेली. शेजारी पानतंबाखूवाल्या तांबोळी चाचांचं दुकान होतं. ते बघून म्हणाले, "डाक्टरसाहेब, दुकान त्यांचं, तराजू त्यांचा, आन् वजन तेवढं तुमचं? लई भोळे तुमी."

माझं काम बॅटरी धरायचं. पहिलंच तोंड एका म्हातारीचं. काळ्या हिरड्या, ओठाच्या कडेनं ओघळलेली थुंकी आणि आतून आलेला तो आंबूस, जळका भपकारा. मी बॅटरीसकट तोंड फिरवलं. म्हातारीला दया आली. "मळमळतंय व्हय? ही लाव जरा, उतरंल," म्हणून तिनं स्वतःच्या डबीतली चिमूट माझ्या दातांवर चोळली. मी थेट कांद्याच्या ढिगावर आडवा झालो. शुद्धीवर आलो तेव्हा कांदेवाला म्हणत होता, "देवी टोचताना पोरं रडत्यात म्हनून हसतो हा. आज बरा टोचला म्हातारीनं!"

बाजारातली तोंडं बरीचशी चांगली निघाली. निघणारच. ज्यांना बोलता येतं, हसता येतं, चारचौघांत पदर खाली घेता येतो, त्याच बाया बाजारात आलेल्या. पुढं आम्ही घरं धरली. तिथं जीप सोडून पायी जायचो, कारण कंपनीचं पेट्रोल नेमकं त्या दिवशी संपलेलं असायचं.

निरगुडसरला एका घरात तरणी सून होती. भाकरी दुधात भिजवून, कुस्करून कशीबशी गिळायची. सासू भली बाई. सुनेचं तोंड परक्या पुरुषानं बघायचं म्हणून तिनं मला दाराकडं तोंड करून उभं केलं. डॉक्टरांनी बराच वेळ पाहिलं. मग मऊ आवाजात म्हणाले, "आई, हिची मशेरी आजपासून बंद. आणि हिला लगेच मुंबईला मोठ्या इस्पितळात न्या, मी चिठ्ठी देतो. आत्ता कापून काढलं तर वाचेल. थांबलात तर मग माझ्यासारख्या शंभरांना आणलंत तरी उपयोग नाही."

"सुगी उरकली की नेतो," सासू म्हणाली. सून पदराआडून म्हणाली, "डाक्टर, मी वाचंन ना? माझी पोर लई ल्हान हाय."

"वाचाल. पण मुंबईला जायचं."

डॉक्टरांनी दोन्ही बाजू मांडून अहवाल दिला. थोड्याच दिवसांत बाजारात नवी पुडी आली. तिच्यावर ठसठशीत अक्षरांत डॉक्टरांचं नाव आणि खाली : 'यांनी बाजारोबाजारची तोंडं तपासून निर्धोक ठरवलेली मशेरी'.

डॉक्टर मला घेऊन तडक एजंटाकडं गेले. "घरची तोंडं कुठं आहेत?"

एजंटानं वेलदोडा सोलला. "डॉक्टर, बाजारात येतात ती आमची गिऱ्हाइकं. घरी बसतात ती गिऱ्हाइकं नव्हेत. आम्ही आमच्या गिऱ्हाइकांपुरतं बोललो. एक अक्षर खोटं दाखवा."

एक अक्षर खोटं नव्हतं. मी त्या वर्षभरात नाही नाही ती तोंडं पाहिली होती. पण ओकारी यावी असं तोंड मी त्या दिवशी पाहिलं. स्वच्छ, पांढरं, वेलदोड्याच्या वासाचं.

डॉक्टरांनी वर्तमानपत्रात खुलासा छापवला. कंपनीनं उत्तर छापलं : डॉक्टरांनी वर्षभर आमची गाडी फिरवली, आता मदत थांबल्यावर त्यांना रोग दिसू लागला आहे. पुण्यात डॉक्टर मंडळींची सभा भरली. मीही गेलो होतो. चहाफराळ कंपनीकडून. जिलबीचा पाक बोटांवरून चाटत एकेक विद्वान विचारत होता, "पण गाडी तुम्ही वापरलीत, हे खरं ना?" घरांमधल्या चट्ट्यांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मला राग आला होता, पण दोन जिलब्या मीही खाल्ल्या होत्या, त्यामुळं रागाला म्हणावा तसा जोर येईना.

सुगी संपली तसे आम्ही निरगुडसरला गेलो. सून तिथंच. जखम आता गालाबाहेरून कळत होती. सासूनं फडताळातून पुडी काढली. "डाक्टर, हे तुमचंच नाव न्हवं? मास्तरनं वाचून दावलं. ह्यात तुमी म्हनताय, काय व्हत न्हाई."

"आई, नाव माझं आहे. बोलणं माझं नाही."

"मंग बाजारात पुड्या कुनी वाटल्या? तुमच्याच गाडीतनं मी घेतली. तवा न्हाई म्हनला, लावू नका."

नवरा ओसरीवर बसला होता. तो खाली बघत म्हणाला, "पेपरात आलंय, कंपनीनं हात आखडला म्हनून डाक्टर उलटलं. आमी अडानी मानसं, साहेब. तुमचं कोनतं खरं धरायचं?"

"आत्ताचं धरा. हात जोडतो, आत्ताचं धरा!"

मी त्यांना हात जोडताना पहिल्यांदाच पाहिलं. पाटलापुढं नाही, कलेक्टरापुढं नाही. नवरा बावरून उठला, "असं नका करू, राव," म्हणाला. पण नेतो म्हणाला नाही. सुनेनं आतून डॉक्टरांकडं पाहिलं. आता तिला नीट बोलताही येत नव्हतं.

त्यानंतर डॉक्टर गावोगाव फिरून तीच पुडी दाखवत सांगायचे की यावर छापलंय ते अर्धंच आहे. लोक ऐकायचे, पाणी द्यायचे आणि ते पांदीपलीकडं गेले की हसायचे. वरून कारणं विचारणारा कागद आला. डॉक्टरांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि तो इतक्या झटपट मंजूर झाला की सरकारी दप्तराच्या इतिहासात तेवढी तत्परता कशालाही मिळाली नसेल. एजंटाला बढती मिळाली, असं ऐकलं.

डॉक्टर जुन्नर सोडण्याच्या बेतात होते तेव्हा निरगुडसरची सून गेल्याचं कळलं. "जायला हवं," एवढंच म्हणाले. मी सोबत गेलो.

ओसरीवर भेटायला आलेल्या बाया दाटीनं बसल्या होत्या. रडून रडून सगळ्यांचे घसे बसलेले. सुनेची पोर एका बाईच्या मांडीवर झोपली होती. अशा वेळी घरात चूल पेटत नाही, पण मशेरीची डबी फिरते. रडणं ओसरलं की एक एक जण चिमूट घेते, दातांवर बोट फिरवते आणि डोळे पुसते. डॉक्टर खांबाशी मांडी घालून बसले. डबी फिरत फिरत सासूकडं आली. तिनं खांबाशी बसलेल्या डॉक्टरांकडं बघितलं, पुढं सरकली आणि त्यांच्या उजव्या तळहातावर चांगली मोठी चिमूट ठेवली.

"घ्या, डाक्टर," ती म्हणाली. "तुमचीच हाय."

टोमणा नव्हता त्यात. घरच्या माणसाला आग्रह करावा तसं ती म्हणाली होती. सगळ्या बाया बघत होत्या. दुःखाच्या घरी हातावर आलेलं नाकारायचं नसतं. डॉक्टरांनी मूठ मिटली. मग उठून डाव्या हातानं पोरीच्या केसांवरून हात फिरवला आणि बाहेर पडले.

वाटेत ओढा लागला, तिथं हात धुतील असं मला वाटलं. धुतले नाहीत. एस.टी. आली, आम्ही मागं जाऊन बसलो. कंडक्टर जवळ आला तेव्हा त्यांची मूठ मांडीवर तशीच घट्ट होती आणि घामानं बोटांच्या फटींतून काळं पाणी धोतरावर उतरत होतं. कंडक्टरनं तिकीट पुढं केलं. डॉक्टर खिडकीबाहेर बघत राहिले. मग त्यांचंही तिकीट मीच घेतलं.