हुकल्याचाही एक गुण

मुलगी माझ्या गुडघ्याला बाम चोळते आणि त्या उग्र वासासरशी मी पंचवीस वर्षांपूर्वीच्या, आखातातल्या मेसईदला, कंपनीच्या मैदानावर पोचतो. तिथे आमचा इंजिनियर ग्रॅहम दर शुक्रवारी प्लँटवरच्या पोरांना ऑस्ट्रेलियातला तो लांबट चेंडूचा फुटबॉल शिकवायचा. त्याच्याही गुडघ्याला हाच वास यायचा. क्लबकडून खेळताना त्याचा गुडघा गेला आणि तो कोच झाला. माझा रत्नागिरीत कबड्डी खेळताना गेला आणि मी स्टोअरकीपर झालो. वर त्याच्या खेळात गोल थोडक्यात हुकला तरी एक गुण मिळतो म्हणे! आमच्यात सापडला तो सरळ बाद. पोरं 'कोच, कोच' करत त्याच्यामागे धावायची, तेव्हा गुडघ्यापेक्षा माझ्या पोटातच जास्त दुखायचं.

एका शुक्रवारी तो लंगडत माझ्याकडे आला आणि गळ्यातली शिट्टी काढून माझ्यापुढे धरली.

"नझीर, पुढचा शुक्रवार तुझा. यांना तुझी कबड्डी शिकव."

पोरं माझ्याकडेच बघत होती.

"गुडघा दुखतोय," मी म्हणालो.

"खलास," असं तिथल्या अरबीत म्हणत त्याने शिट्टी परत गळ्यात अडकवली.

"अब्बा, कधीपासून दुखतोय हा?" मुलगी विचारते.

त्या शुक्रवारी तरी तो अजिबात दुखत नव्हता.