म्हशीच्या चालीनं

कडावला आमची शाळा कर्जत रस्त्याच्या पलीकडे होती. सकाळचे टेंपोवाले पोरांसाठी कधी थांबत नसत, म्हशींसाठी मात्र हमखास थांबत. म्हशीला धडक दिली तर गाडीच मोडते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

म्हणून आम्ही रोज एका म्हशीवाल्याची वाट बघायचो. शर्टाच्या कॉलरला मागे छत्री अडकवून सावकाश चालणारा म्हातारा. नाव कधी विचारलं नाही. म्हशी रस्त्यात उतरल्या की तो आम्हाला त्यांच्या मधे घ्यायचा.

"पाठीवर हात ठेव गं. पळायचं नाय. म्हस कदी पळते का?"

कुणी धावलंच, तर त्याला परत अलीकडे आणून पुन्हा चालायला लावायचा.

मी चौथीत असताना एका सकाळी तो एकटाच आला. म्हशी कुठे गेल्या, विचारलं.

"इकल्या," तो म्हणाला आणि काठी आडवी धरून रस्त्यात उतरला. "चला, आज मीच म्हस."

मागे हॉर्न वाजत राहिले, त्याची चाल बदलली नाही. वर्ष संपेपर्यंत तो रोज आला. रस्त्यापलीकडे त्याचं आता काहीच काम उरलं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

आता तिथे पांढरे पट्टे आहेत. परवा माहेरी गेले होते तेव्हा मुलीचा हात धरून ओलांडत होते, तर फार्महाऊसकडे निघालेली एक गाडी अंगावर आल्यासारखी हॉर्न देत थांबली. मुलगी हात ओढायला लागली.

"आई, पळ ना."

"म्हस कदी पळते का गं?" मी म्हटलं.