शेजारणीसाठी दोन पत्रं

नव्वदच्या दशकात नाशिकरोडला आमच्या शेजारी एक बाई एकट्याच राहायच्या. रोज गाडीने मनमाडला नोकरीला जायच्या. जिन्यात भेटल्या की "बरंय ना?" विचारायच्या आणि उत्तर ऐकण्याआधीच पुढे निघायच्या.

एका रविवारी त्यांनी आमची बेल वाजवली.

"मला मूल दत्तक घ्यायचंय. काल संस्थेत चौकशी केली. आपल्याला चांगलं ओळखणाऱ्या दोघांची पत्रं लागतात म्हणे. एक तुम्ही द्याल?"

"देईन की. दुसरं कोण देणार?"

"तुमचे मिस्टर देतील?"

त्या गेल्यावर मी लिहायला बसले. 'मी यांना नऊ वर्षं ओळखते,' एवढं लिहिलं आणि पुढे काही सुचेना. कागद तसाच ठेवून मी पहिल्यांदाच त्यांच्या घरी गेले.