भाऊजींनी न उघडलेलं पाकीट

दुसऱ्याचं मरण इतक्या थंडपणे सांगणारा माणूस अख्ख्या अमरावतीत माझ्या भाऊजींशिवाय दुसरा नसेल. पिढीजात भिक्षुकी, त्यात पत्रिका पाहण्याचा नाद. दर्यापूरच्या एका धडधाकट म्हाताऱ्याला त्यांनी सुपारी कातरता कातरता सांगितलं, "दोन वर्षं धरून चाला. वावर वाटून टाका पोरायले." त्यानं शेत वाटून टाकलं, आणि आज सात वर्षं झाली, पोरांच्या ओसरीवर बसून तो भाऊजींच्या नावानं शिव्या घालतो आहे. भाऊजींना त्याचं काही नाही. "जन्मवेळ चुकीची सांगतली असन त्यानं," म्हणतात. गॅसचं सिलिंडर बदलायलाही मुहूर्त काढणाऱ्या या माणसाच्या घरी माझी ताई तीस वर्षं कशी नांदली, देव जाणे.

ताईला स्तनाचा कॅन्सर निघाला, तो हाडात पोचला, तरी यांचं पंचांग काही सुटेना. अकोल्याच्या डॉक्टरांनी नीट समजावलं. गाठीतून सुटलेल्या पेशी रक्तात फिरतात, त्या मोजता येतात. औषधाआधी एकदा मोजायच्या, नंतर पुन्हा. कमी झाल्या तर आशा जास्त, वाढल्या तर कमी.

"म्हणजे वर्षं किती?" भाऊजींनी विचारलं.

"एका माणसाचं तसं नाही सांगता येत," डॉक्टर म्हणाले.

बाहेर आल्यावर भाऊजी मला म्हणतात कसे, "इतकं शिकून एवढंबी सांगता येत नाई काय यायले?" वर रक्त द्यायच्या वेळी राहुकाळ लागला म्हणून त्या बिचाऱ्या सिस्टरला पाऊण तास ताटकळत ठेवलं.

परवा दुसऱ्या मोजणीचा रिपोर्ट आला. डॉक्टर दवाखान्यात दुपारी यायचे होते, ताई आत वॉर्डात झोपली होती. भाऊजी पाकीट मांडीवर घेऊन बाकावर बसलेले, उघडायचं नाव नाही. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "जगाची मरणं सांगता ना? मग ताईची पत्रिका काय म्हणते तेही सांगून टाका."

"तिची पत्रिका मी कधी पायलीच नाई, बाबू," ते म्हणाले. "लग्नाच्या वेळीबी नाई. जुळते म्हणून घरी खोटंच सांगतलं. नसती जुळली तं?"

मग पाकीट माझ्या हातात देऊन ते भिंतीकडे पाहत राहिले. "तू वाच. मले भेव वाटून राह्यलं."

मी वाचलं. आकडा आधीपेक्षा वाढला होता.

"कमी झाल्या," मी म्हणालो.

त्यांनी एकदाही उलटून विचारलं नाही. उपरण्यानं डोळे पुसले आणि ताईला उठवून सांगायला आत गेले. मला त्यांना थांबवता आलं नाही. डॉक्टर यायला अजून दोन तास होते.