मागची बाजू कोरी हवी

माझा मामा गेला त्याला सहा महिने झाले. त्याचा अल्बम माझ्याकडे आहे. त्यात तेवीस कार्डं आहेत. चोविसावं मी वेगळं ठेवलंय.

मामाला सगळी गल्ली काटकोन म्हणायची. तसबिरींना चौकटी करून द्यायचं त्याचं छोटंसं दुकान होतं आणि दुकान बंद झालं तरी त्याची नजर काटकोनातच चालायची. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला तर पाण्याचा पेला घ्यायच्या आधी भिंतीवरची वाकडी तसबीर सरळ करायचा. गिऱ्हाइकांशी त्याचं कधी जमलं नाही. "मागच्या बाजूलाही जरा चांगला कागद लावा," असं कुणी म्हटलं की तो खेकसायचा, "चित्राला एकच तोंड असतं! भिंत काय बघणार आहे?" लग्न त्यानं केलं नाही. घरात माणूस आलं की वस्तू हलतात, म्हणायचा. आम्ही हसायचो, पण तो गंमत करत नव्हता.

त्याला शौक एकच, रेल्वे कंपनीच्या चित्रकार्डांचा. वाफेच्या इंजिनांच्या काळात एका कंपनीनं आपल्या मार्गावरच्या चोवीस जागांची कार्डं छापली होती. पूल, बोगदे, पाण्याची टाकी, नदीचं एक मोठं वळण. ज्या स्टेशनाचं चित्र, त्याच स्टेशनावर ते कार्ड मिळायचं. पुढे कंपनी बुडाली, इंजिनं भंगारात गेली, तरी आडबाजूच्या स्टेशनांवरच्या पुस्तकांच्या टपऱ्यांत शिल्लक गठ्ठे धूळ खात पडून होते. मामा दुकान सोडून कुठं हलणार? पण त्याचं नशीब बघा. त्याच्या एकुलत्या एका धाकट्या बहिणीचं, म्हणजे माझ्या आईचं लग्न झालं ते त्याच मार्गावरच्या एका स्टेशनमास्तरशी. वर्षा-दोन वर्षांनी बाबांची बदली व्हायची आणि आईच्या हाती नवं स्टेशन लागायचं. मधली स्टेशनं ती जाता-येता गाठायची.

पहिलं कार्ड तिनं मागे भरगच्च लिहून पाठवलं होतं. नवं घर कसं आहे, मालगाडी गेली की फळीवरची भांडी कशी वाजतात, एकटीला दुपार कशी खायला उठते. मामाचं उलट टपाली उत्तर आलं. आईनं ते जपून ठेवलं होतं, म्हणून मला पाठ आहे.

"कार्ड मिळालं. चित्र उत्तम. परंतु लिहिलेलं कार्ड संग्रहात बाद धरतात. हेच कार्ड पुन्हा कोरं पाठवणे. यापुढे मागची बाजू कोरी हवी. पाकिटात घालून पाठवणे. सोबत दुसरा कागद नको, शाई उमटते. संच पुरा होईपर्यंत एवढं कर."

आईनं एवढं केलं. वेगळं पत्र लिहायला कुणी तिचे हात धरले नव्हते, पण ती मानी होती. "ज्याला चार ओळी जड होतात त्याला चार पानं कशाला?" असं एकदा बाबांना म्हणाली होती. म्हणून बारा वर्षं पाकिटातून फक्त कोरी कार्डं जात राहिली. मी झाले ते मामाला बाबांच्या पत्रातून कळलं. आईला त्याच्याकडून यायचं ते दोन शब्दांचं उत्तर. "पोचलं. सतरा." "पोचलं. अठरा."

मी आठ वर्षांची असताना आम्ही शेवटच्या स्टेशनावर आलो आणि आईनं अंथरूण धरलं. चोविसावं कार्ड मीच टपरीवरून आणलं. त्यावर लोखंडी पूल होता. आईनं पेन मागितलं, पण झोपून लिहिताना ते उमटेना. मग मी माझ्या दप्तरातली पेन्सिल दिली.

"आई, मामाला मागची बाजू कोरी लागते ना?"

"असू दे," ती म्हणाली.

तिनं दोन-चार ओळी लिहिल्या आणि कार्ड उघडंच, तिकीट लावून माझ्या हातात दिलं. मी ते पळत जाऊन पेटीत टाकलं.

त्यानंतर रोज दुपारी टपालवाल्याची सायकल वाजली की आई विचारायची, "बघ गं, दादाचं आलं का काही?" मी फाटकापर्यंत धावायची आणि हात हलवत परत यायची. बाबा मामाला तार करतो म्हणाले तर आई म्हणाली, "मी लिहिलंय त्याला." आम्हाला वाटलं, कळवलं असेल तिनं. असे तेवीस दिवस गेले आणि आई गेली.

मग तार गेली आणि मामा आला. तो कुणाशी बोलला नाही. भिंतीवरचं घड्याळ थोडं कललं होतं, ते त्यानं सरळ केलं. मी ते पाहिलं. त्या क्षणी तो माणूस माझ्या मनातून उतरला तो उतरलाच. बहीण बोलावते, हा येत नाही, आणि आला की घड्याळ सरळ करतो! बेचाळीस वर्षं मी त्याच्याशी कामापुरतंच बोलले.

गेल्या वर्षी मामा दुकानात स्टुलावरून पडला. हात थरथरू लागला, दुकान बंद करायची वेळ आली. त्याला माझ्याशिवाय कोण होतं? मी गेले. प्रेमानं गेले असं म्हणणार नाही, मला खोटा मोठेपणा नको. काचा, पट्ट्या, खिळ्यांचे डबे आवरत असताना जुन्या वस्तूंचा एक व्यापारी अल्बम बघायला आला. त्यानं शेवटचं पान उलटलं आणि थांबला.

"बाकी सगळी कोपऱ्यांत खोचून बसवलीत. हे एवढंच का चिकटवलंत? मागचं बघायचं होतं."

मामानं त्याच्या हातातून अल्बम ओढून घेतला. "विकायचा नाही," म्हणाला. व्यापारी बिचारा चहाही न घेता गेला.

"काय रे हे?" मी विचारलं.

मामा बराच वेळ टेबलाची कड चाचपत राहिला. मग म्हणाला, "मागे लिहिलं होतं तिनं. संच पुरा व्हायचा दिवस, आणि शेवटचं कार्ड बाद. डोकं फिरलं माझं. खळ लावली आणि दिलं चिकटवून. 'पोचलं' म्हणूनही कळवलं नाही."

"वाचून ना?"

"नाही."

"म्हणजे ती आजारी आहे हे तुला..."

"तार आली तेव्हा कळलं."

माझा तोल गेला. काय काय बोलले ते लिहीत नाही. शेवटी ओरडले, "अरे, मग नंतर तरी काढायचंस! बेचाळीस वर्षं काय करत होतास?"

"शाई आहे," तो म्हणाला. "पाणी लागलं की वाहून जाईल. चिकटलेलं आहे तोवर आहे तरी." मग खाली बघून, अगदी हळू म्हणाला, "आणि समज निघालं, आणि त्यात 'ये' असलं तर?"

त्यात 'ये' आहे अशी माझी तर खात्रीच होती. त्याच खात्रीवर मी बेचाळीस वर्षं राग पोसला होता.

"शाई नाही, मामा. पेन्सिल आहे."

"तुला काय माहीत?"

"माझीच पेन्सिल होती. पेटीतही मीच टाकलं ते."

मी रागाच्या भरात का होईना, एकदा जरी त्याच्याशी त्या कार्डाबद्दल भांडले असते, तर हे केव्हाच निघालं असतं. माझ्या अबोल्याची मला त्या दिवशी पहिल्यांदा लाज वाटली.

काम मी केलं, मामा सांगत गेला. "आधी पान कापून वेगळं कर. फडकं पिळून घे. कार्डाला लावू नकोस, पानाला मागून लाव. आता थांब. घाई करशील तर फाटेल." अर्ध्या तासानं तो म्हणाला, "आता पान सोल. कार्ड ओढायचं नाही, कागद ओढायचा." कागद पापुद्र्यासारखा निघत आला. मागे खळीचा पिवळट थर होता. ओल्या कापसानं तो टिपत गेले, तसं आईचं अक्षर वर आलं. जिना चढताना दम लागावा तशा ओळी वाकत गेल्या होत्या. मामाचा चष्मा नुकताच फुटला होता.

"वाच," तो म्हणाला.

मी वाचलं. "दादा, हे चोविसावं. तुझा संच पुरा झाला. आता मी पत्र लिहिलं तर चालेल का? सांगायचं खूप साठलंय. हो म्हणालास तर लगेच लिहिते."

"पुढे?"

"एवढंच आहे."

"आजाराचं?"

"नाही."

"ये म्हणून?"

"नाही रे."

रस्त्यावर कुणीतरी भाजीवाल्याशी घासाघीस करत होतं. मामाचा हात टेबलावर होता. मी त्यावर माझा हात ठेवला, आयुष्यात पहिल्यांदा.

"ती वाट बघत होती का?" त्यानं विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर मी आठ वर्षांची असल्यापासून धार लावून ठेवलं होतं. कधीतरी त्याच्या तोंडावर फेकायचं म्हणून. ती दुपार, ती सायकल, ते फाटक, सगळं.

"नाही," मी म्हटलं. "तिला ठाऊक होतं, तू कामात असतोस."

मामानं मान हलवली. "खोटं बोलणं तुला लहानपणापासून जमत नाही," तो म्हणाला. "किती दिवस?"

दुसऱ्यांदा खोटं माझ्या तोंडून निघेना.

"तेवीस."

तो मनाशी काहीतरी मोजत राहिला.

"इथून तिकडे पत्र दोन दिवसांत जायचं," तो म्हणाला. मग डोळे मिटून म्हणाला, "पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.