पाठमोरा पडदा

सोनोग्राफीच्या खोलीत ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ अशी पाटी होती. गरोदर बायकांना दिसू नये म्हणून फिरवलेला यंत्राचा पडदा माझ्याकडेही पाठ करून होता. माझ्या पोटात कसलं गुपित असणार? मधुमेह जुना, किडनीला रक्त नीट पोचतंय का, एवढंच पाहायचं होतं. “श्वास रोखा,” म्हणत डॉक्टर एकाच जागी पुन्हा पुन्हा दाबत होते. सगळं ठीक असतं तर माणूस इतका रेंगाळतो?

“ठीक आहे ना?” मी विचारलं.

“रिपोर्टमध्ये येईल.”

तेवढ्यात यंत्रातून सपसप आवाज आला. “हे तुमचंच रक्त,” ते म्हणाले आणि कान देऊन ऐकू लागले. मग मला डॉक्टरांपेक्षा रक्ताचाच संशय आला. जन्मभर माझ्यात वाहिलं, माझ्याशी कधी चकार शब्द बोललं नाही. आणि आज परक्या माणसाला सगळं सांगत होतं.